पाकाचा वास

सिताराम वाव्हळेची सगळी नोकरी तापमान वाचण्यात गेली. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या वेधशाळेत तो निरीक्षक होता. ठरल्या वेळी जाळीदार पांढऱ्या पेटीचं दार उघडायचं, आतल्या तापमापकांवरचा आकडा वाचायचा, पाऊस पडला असेल तर तो मोजायचा आणि वर कळवायचं. उन्हाळ्यात परभणीचा पारा किती चढला ते पेपरात छापून यायचं, तेव्हा सुलाबाई शेजारणींना सांगायची, "हे आमच्या घरून जातंय." सिताराम म्हणायचा, "घरून न्हाई गं, हापिसातून." पण त्याला ते आवडायचं.

निवृत्तीनंतर दोघं वालूरला, आपल्या गावी परतले. लेक धम्मशीला गंगाखेडला दवाखान्यात नर्स होती, तिचं सासरही तिथलंच. सुलाबाईचे गुडघे कुरकुरायला लागले होते. मोटारसायकलवर मागं बसणं तिला जमेना आणि एसटीची पायरी चढवेना. म्हणून सितारामने साठी उलटल्यावर गाडी शिकून घेतली आणि बदली होऊन निघालेल्या एका बँकेच्या साहेबाकडून त्याची जुनी पांढरी कार घेतली. गाडी तो बैलगाडीच्या वरताण हळू चालवायचा. वेगाच्या काट्याकडे त्याचं फारसं लक्ष नसायचं; शेजारी जो तापमानाचा काटा असतो, त्याच्याकडे मात्र तो सारखा बघायचा.

"समोर बगा," सुलाबाई म्हणायची.

"समोरच बगायलोय."

"समोर म्हंजे रस्त्याकडं."

करोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघंही आजारी पडले. सिताराम आठवड्याभरात उठला. सुलाबाईही उठली, पण तिच्या नाकातून वास गेला तो गेलाच. आज येईल, उद्या येईल म्हणत महिने गेले, मग वर्षं गेली. परभणीच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, येईलही, नाही तर नाही येणार. धम्मशीलाने रोज लवंग, लिंबू असं काहीबाही हुंगायची सवय लावून दिली. सुलाबाईने वर्षभर ते मनापासून केलं आणि मग एके दिवशी ती लवंग आमटीत टाकून दिली.

ही काही लहान गोष्ट नव्हती. सुलाबाईने परभणीला असताना मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम केलं होतं. आमटीला लावायचा तिचा येसर मसाला साऱ्या गल्लीत प्रसिद्ध होता. धान्य आणि मसाला भाजताना कढईवर नाक धरून ती सांगायची, आता उतरवा, आणि त्या क्षणी उतरवला तरच तो येसर तिचा. आता भाजणं जळेपर्यंत तिला कळायचं नाही. दूध नासलेलं कळायचं नाही. एकदा गॅसचं बटण अर्धवट राहिलं, ते सिताराम अंगणातून आत आल्यावर समजलं. त्या दिवसापासून घरातलं वास घ्यायचं काम सितारामकडे आलं. सकाळी दूध हुंगायचं, रात्री झोपताना शेगडीपाशी वाकून यायचं, फोडणी घातली की स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं.

"कसा यायलाय?" सुलाबाई विचारायची.

"चांगला यायलाय."

"चांगला म्हंजे कसा? कच्चा का भाजका?"

सिताराम विचारात पडायचा. आयुष्यभर त्याने आकडे सांगितले होते. वास सांगायला त्याच्याकडे शब्दच नव्हते. "तुजा यायचा तसाच," तो शेवटी म्हणायचा, आणि ती तेवढ्यावर कढई उतरवायची.

यंदा फाल्गुनात गाडीचं पाणी कमी व्हायला लागलं. सिताराम रोज सकाळी बॉनेट उघडून बाजूच्या प्लास्टिकच्या डबीत कूलंट खुणेपर्यंत आहे का ते बघायचा. ती त्याची जुनी सवय, पेटी उघडून आकडा बघण्यासारखीच. एका सकाळी कूलंट खुणेच्या खाली दिसलं. त्याने भर घातली. पुढच्या आठवड्यात पुन्हा खाली. गाडीखाली वाकून बघितलं तर जमीन कोरडी. रात्रभर पुठ्ठा टाकून ठेवला, त्याच्यावर एक ठिपका नाही.

तो गाडी घेऊन झरीला गेला. वालूरहून सेलू जवळ, पण झरीला जीवनचं गॅरेज होतं. जीवनचे वडील वेधशाळेत माळीकाम करायचे, त्यामुळे सिताराम त्याला लहानपणापासून ओळखत होता आणि त्याच्याशिवाय कुणालाही बॉनेट उघडू देत नव्हता.

"काका, पानी तीन वाटांनी जातंय," जीवन म्हणाला. "भाईर गळतंय, इंजिनात जाऊन जळतंय, न्हाईतर टोपनातून वाफ हून उडतंय. आपून एकेक वाट बंद करत जाऊ."

त्याने रेडिएटरचं टोपण बदललं, कारण जुन्याचं रबर कडक झालं होतं आणि त्यातून दाब सुटत असावा. नळ्यांचे पट्टे आवळले. रेडिएटर काढून आतला गाळ धुतला. बँकेच्या साहेबाने बोअरचं पाणी घातलं असणार, क्षारांचा पांढरा थर निघाला. "बोअरचं पानी कदी घालू नका, काका, नळ्या आतून चोंदतेत." मग इंजिन सुरू ठेवून त्याने टोपणाच्या तोंडाशी बुडबुडे येतात का ते बघितलं, मागच्या धुराचा रंग बघितला, ऑइलची कांडी काढून त्यावर दुधासारखी साय आली आहे का ते बघितलं. तसं काही नव्हतं. "इंजिन चांगलं हाय," तो म्हणाला आणि स्वतःच कोड्यात पडला. कारण पुढच्या आठवड्यात कूलंट पुन्हा खाली गेलं.

याच दिवसांत एकदा सेलूच्या बाजाराहून येताना सुलाबाईला वास आला.

तिला आधी कळलंच नाही की हा वास आहे. नाकाच्या आत, खूप मागे, काहीतरी गोडसर हललं. तिने श्वास रोखला. पुन्हा घेतला. पुन्हा ते गोडसर. जिलेबीचा पाक उकळून मग निवत आला की जसा येतो तसा. ती खिडकीबाहेर बघत राहिली. सितारामला तिने काही सांगितलं नाही. पुढच्या खेपेला वास पुन्हा आला, त्याच्या पुढच्याही. गाडीतून उतरलं की तो जायचा. घरात, अंगणात, शेजारच्या लग्नातल्या मांडवात तिने नाक ताणून बघितलं, कुठेच काही नाही. फक्त गाडीत.

चौथ्या-पाचव्या खेपेला तिने धीर केला. "अहो, तुमाला कसला वास यायलाय का?"

"कसला?"

"पाकाचा. गोड."

सितारामने गाडी बाजूला घेतली. त्याने जोरात श्वास ओढला. पण हरभऱ्याची काढणी चालू होती, सगळीकडे भुसा उडत होता आणि दर साली या दिवसांत त्याचं नाक चोंदायचं तसं ते चोंदलेलं होतं. शिवाय त्याच्या बाजूची काच नेहमी खाली असायची. त्याला काहीच आलं नाही. पण वास नाही आला यापेक्षा सुला वास आला म्हणते, याच्यानेच त्याने घाईने गाडी घराकडे काढली.

घरी आल्याबरोबर त्याने तिला खाटेवर बसवलं. "डोळे मीट," म्हणाला. हिंगाची डबी आणली, लिंबू कापलं, लसूण ठेचला, कांदा फोडला, अगरबत्तीचा पुडा उघडला. एकामागून एक तिच्या नाकाशी धरत गेला. "हे काय हाय? बरं, हे? आता हे सांग."

सुलाबाईला एकही सांगता आलं नाही. शेवटी शेवटी ती अंदाजाने बोलायला लागली आणि कांद्याला लिंबू म्हणाली. सितारामचा चेहरा तिला डोळे मिटूनही दिसला. ती उठली, कापलेलं लिंबू उचललं आणि म्हणाली, "आता याचं सरबत तरी करते."

त्याने धम्मशीलाला फोन लावला. ती ड्यूटीवर होती, घाईत होती. म्हणाली, "बाबा, असं होतं कधीकधी. नसलेलाच वास येतो. खूप पेशंटना होतं. आईला सांगा, घाबरू नको."

सितारामने तसं सांगितलं. "असंल बाई," सुलाबाई म्हणाली, आणि तो विषय संपला.

वास मात्र संपला नव्हता. तिने तो आपल्यापाशी ठेवला. खरा असो की खोटा, इतक्या वर्षांत तिच्या नाकात आलेला तो एकच वास होता. ती आता गाडीने जायची निमित्तं काढू लागली. मिरच्या संपल्या, सेलूला जाऊ. मावसबहिणीला बघून येऊ. बोरीला कुणाचं तरी बाळ झालंय. गाडीत बसली की काच वर करून घ्यायची, पाय पुढे घ्यायची आणि डोळे मिटून बसायची. सितारामला वाटायचं, गुडघ्यांमुळे घरात अडकून पडली होती बिचारी, आता हिंडायला मिळतंय म्हणून खूश आहे. त्याला ते बरं वाटायचं. तो आणखी हळू चालवायचा.

भीमजयंतीला गंगाखेडला जायचं ठरलं. धम्मशीलाची मुलगी अर्पिता संध्याकाळच्या कार्यक्रमात भाषण करणार होती आणि आजी-आजोबा पुढच्या रांगेत पाहिजेत असं तिने बजावलं होतं. दोघं सकाळीच निघाले. सुलाबाईने पांढरी साडी नेसली होती, निळ्या काठाची. बोरी गेलं. ऊन चांगलंच वर आलं होतं, म्हणून सितारामने काचा वर करून एसी लावला. एरवी तो लावायचा नाही.

झरीच्या अलीकडे काटा हलला.

सितारामला तो हललेला लगेच दिसला. मधल्या रेघेवर ठाण मांडून बसणारा काटा बोटभर वर गेला होता आणि आणखी वर चालला होता. त्याने एसी बंद केला. काटा थांबला नाही. रस्त्याला दोन्हीकडे ऊस होता, सावली कुठेच नव्हती, समोर थोड्या अंतरावर एक कडुलिंबाचं झाड दिसत होतं.

जीवनने त्याला एकदा सांगितलं होतं, काका, कदी काटा चढला आन् लगेच थांबता येईना झालं, तर हीटर पुरा लावायचा, पंखा पुरा सोडायचा. इंजिनातली गरमी गाडीत येते, आपल्याला तरास व्हतो पन इंजिन वाचतंय. सितारामने ते लक्षात ठेवलं होतं. या गाडीत हीटरची निळी-लाल चकती त्याने कधी फिरवली नव्हती. परभणीच्या माणसाला ती कशाला लागते. आता त्याने ती लालकडे पूर्ण फिरवली.

समोरच्या जाळ्यांतून गरम वाफेचा लोट आला. काचेवर आतून धुकं बसलं, ते पुसलं तर तेलकट लागलं. आणि त्या वाफेने सितारामचं महिनाभर चोंदलेलं नाक एका दमात उघडलं.

सगळी गाडी पाकाच्या वासाने भरली होती.

त्याने कशीबशी काच पुसत झाडाखाली गाडी घेतली, इंजिन बंद केलं, आपलं दार उघडलं, पलीकडे जाऊन सुलाबाईचं दार उघडलं आणि तिला हाताला धरून बाहेर काढलं. ती खोकत होती. दोघं लिंबाखाली उभे राहिले. उघड्या दारांतून वाफ बाहेर येत होती.

"सुला," सिताराम म्हणाला, "त्यो वास. हाच का?"

सुलाबाईने त्याच्याकडे बघितलं. "तुमाला यायलाय?"

"यायलाय. गोड. पाकासारका." मग त्याला वाटलं एवढं पुरेसं नाही. तो पहिल्यांदाच नीट शोधून बोलला. "पाक उतरवून ठिवलाय, वर साय धरायलीय, आन् कडंला थोडा लागलाय. तसा."

"लागलेला न्हाई," सुलाबाई म्हणाली. "बाकी तसाच."

आणि ती लिंबाच्या मुळावर खाली बसली. गुडघे दुखतात म्हणून ती कधी जमिनीवर बसायची नाही. तिने पदर तोंडाला लावला आणि रडली. सिताराम तिच्याजवळ उकिडवा बसला. रस्त्याने जाणारा एक मोटारसायकलवाला थांबून विचारू लागला, काही झालंय का, दवाखान्यात न्यायचं का.

"न्हाई भाऊ," सिताराम म्हणाला. "गाडी गरम झालीय." आणि त्याच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मोटारसायकलवाल्याने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा दोघांकडे, आणि आपली पाण्याची बाटली तिथे ठेवून तो गेला.

थोड्या वेळाने सिताराम उठला. सुलाबाईच्या पायाखालची रबरी चटई त्याने उचलली. खालचा गालिचा ओलाचिंब होता, बोट लावलं तर चिकट, हिरवट.

"मला वाटलं माजी पान्याची बाटली पाझरायलीय," सुलाबाई म्हणाली. "मी चपला काडून बसायची."

"मी सगळी गाडी भाईरून बगितली," सिताराम म्हणाला. "खाली बगितलं, इंजिनात बगितलं. तू सांगितलंस तवा तुज्या पायापाशी वाकून बगाया पायजे हुतं. म्या तुजीच परीक्षा घेतली."

"जाऊ द्या. कांद्याला लिंबू म्हनलं मी. तुमी तरी काय करनार."

जीवनचं गॅरेज जवळच होतं. फोन लावल्यावर तो मोटारसायकलवर आला, पाठीला हत्यारांची पिशवी, हँडलला कूलंटचा डबा. जयंती म्हणून त्याने कपाळाला निळा टिळा लावला होता. "जयभीम काका, जयभीम काकू," म्हणत त्याने बॉनेट उघडलं, पण टोपणाला हात लावला नाही. "थांबा अजून. गरम टोपन उघडलं की तोंडावर उडतंय." तोवर तो गाडीच्या आत वाकला, ओल्या गालिच्याला बोट लावलं, हुंगलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"काका, मी तीन वाटा म्हनलो. ही चौथी हुती."

त्याने समजावून सांगितलं. डॅशबोर्डच्या मागे, सुलाबाईच्या गुडघ्यांसमोर, वहीएवढा एक लहान रेडिएटर असतो. इंजिनातलं गरम पाणी त्यातून फिरतं आणि हीटर लावला की पंख्याची हवा त्याच्यावरून येते. हीटर लावा न लावा, पाणी त्यातून फिरतच राहतं. तो आतून गंजला होता आणि थेंब थेंब गालिच्यात मुरत होता. म्हणून जमीन कोरडी, पुठ्ठा कोरडा. काच आतून तेलकट होणं, पाय ओले होणं आणि गाडीत कूलंटचा गोड वास येणं, या त्याच्या खुणा. "थंड मुलकातला मेकॅनिक असता तर पयल्या दिवशी बगितला असता. आपल्याकडं हीटर कोन लावतंय? माजं ध्यानच गेलं न्हाई." मग तो थांबला. "पन वास कुनाला आला?"

"हिला," सिताराम म्हणाला. "महिन्यापास्नं यायलाय. माज्या नाकाला न्हाई आला."

जीवनला सुलाबाईच्या नाकाची गोष्ट ठाऊक होती. झरीत कुणाकुणाला तिचा येसर जायचा. हातातला पाना खाली ठेवून त्याने सुलाबाईकडे बघून नुसतं हसून मान हलवली, आणि तिला ते बोलण्यापेक्षा जास्त आवडलं.

इंजिन निवल्यावर त्याने टोपणावर फडकं धरून ते हळूहळू सोडलं. हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्या इंजिनच्या मागच्या पत्र्यापाशी काढल्या आणि मध्ये पितळी नळीचा तुकडा घालून एकमेकींना जोडून टाकल्या, वर पट्टे आवळले. आता पाणी त्या लहान रेडिएटरकडे जाणारच नव्हतं. मग कूलंट भरलं, टोपण उघडं ठेवून इंजिन चालू केलं आणि आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाईपर्यंत वाट बघितली. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू झाला, थोडा फिरला, बंद झाला. काटा मधल्या रेघेवर येऊन थांबला. सिताराम तो काटा असा बघत होता, जसा एकेकाळी मे महिन्यातला पारा बघायचा.

जीवनने आपल्या बाटलीतलं पाणी ओतून गालिचा घासायला घेतला.

"धुवू नको रे," सुलाबाई म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे बघितलं. तिला आपल्याच बोलण्याची लाज वाटली. "म्हंजे, आत्ताच नको," ती म्हणाली. "तेवडाच तर हाय."

जीवन घासायचा थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "काकू, हे विष असतंय. कुत्रं चाटलं तर मरतंय. बंद गाडीत याची वाफ हुंगनं बरं न्हाई." 

सुलाबाईने जरा वेळ गालिच्याकडे बघितलं आणि मान डोलावली. तिने स्वतःच मघाच्या मोटारसायकलवाल्याची बाटली जीवनच्या हाती दिली.

परभणी ओलांडून गंगाखेडपर्यंत ते चारही काचा खाली करून गेले. वाऱ्याने सुलाबाईचे केस विसकटले. वाटेत जयंतीच्या मिरवणुका, गावोगाव निळे झेंडे, ढोल. सिताराम मधूनच विचारायचा, "काही यायलाय?" ती म्हणायची, "न्हाई." सिंगणापूरच्या पुढे विचारलं, न्हाई. गोदावरीच्या पुलावर विचारलं, न्हाई. मग त्याने विचारणं सोडलं आणि तिच्या हातावर हात ठेवला. एका हाताने गाडी चालवायची त्याला सवय नव्हती, म्हणून तिने तो हात उचलून परत स्टिअरिंगवर ठेवला.

धम्मशीलाने सगळं ऐकलं. आधी ती नर्स म्हणून ऐकत होती, मग लेक म्हणून. फोनवर आपण काय बोललो ते तिला आठवलं आणि ती आईच्या गळ्यात पडली.

"आई, मी न विचारताच सांगून टाकलं गं."

"तू ड्यूटीवर हुतीस."

मग धम्मशीला वडिलांकडे वळली. "आणि बाबा, हिंग, लसूण, कांदा असं एकापाठोपाठ कुणी हुंगवतं का? ज्याचं नाक चांगलं आहे त्याचंही बधिर होईल. जो वास आधी आला, तिथूनच सुरू करायचं. एकच. रोज तोच."

तिने शेगडीवर लहान पातेलं ठेवलं, साखर आणि पाणी घातलं. कार्यक्रमाला अजून अवकाश होता. अर्पिता आपलं भाषण पाठ करत घरभर फिरत होती. सुलाबाई ओट्यापाशी खुर्ची घेऊन बसली. पाक उकळला, दाट झाला. धम्मशीला आईकडे बघत होती, सिताराम दारात उभा होता आणि कुणीच काही विचारत नव्हतं.

सुलाबाई पातेल्यावर वाकली. मग म्हणाली, "लांबून यायलाय. पार शेजारच्या घरातून आल्यावानी. पन यायलाय."

धम्मशीलाने गॅस बंद केला. "बस, आज एवढंच," ती म्हणाली. सुलाबाई मात्र पातेल्यावरून उठली नाही. अर्पिता येऊन म्हणाली, आजी, पाक कशाचा आहे, जिलेबी आहे का, तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की आता या पाकाचं काहीतरी करायला हवं. घरात रवा होता. सुलाबाईने लाडू वळले आणि ते पुढच्या रांगेत बसून खाल्ले गेले, भाषणाच्या आधी आणि नंतरही.

तिचा वास एकदम परत आला असं झालं नाही. पाकानंतर बरेच दिवस काहीच नाही. मग गूळ आला, मग भाजलेले तीळ. काही वास आले ते चुकीचेच आले. कॉफी तिला जळक्या टायरसारखी लागायला लागली आणि साबण कोथिंबिरीसारखा. लसूण अजूनही येत नाही. कढई उतरवायची वेळ ती अजून सितारामलाच विचारते, आणि तो आता दारात उभा राहून बराच वेळ शब्द शोधत बसतो, एवढा वेळ की एकदोनदा भाजणी करपली.

जीवनने नांदेडहून नवा लहान रेडिएटर मागवू का म्हणून विचारलं होतं. त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड काढावा लागतो. सिताराम म्हणाला, राहू दे, आपल्याला हीटर काय करायचा. त्याची उणीव फक्त पावसाळ्यात भासते. काच आतून धुकाळते, एसी सितारामला सोसत नाही, मग सुलाबाई फडकं घेऊन त्याच्यासमोरची काच पुसत राहते.

परवा राणीसावरगावला एका लग्नाला जाताना ती अशीच काच पुसत होती. मधेच तिचा हात थांबला.

"शेंगा उकडायल्यात कुनीतरी," ती म्हणाली.

सितारामला कसलाच वास आला नव्हता. दोन्हीकडे नुसतं सोयाबीन होतं, घर नाही, धूर नाही. त्याने काहीही न विचारता गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि उतरून तिच्या बाजूचं दार उघडलं.

"चल," तो म्हणाला, "बगू कुटं हायत ते."